एका खोलीला पाच दारं

मी लंडनमध्ये जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करते. गेल्या वर्षी दक्षिण लंडनमधल्या एका बंद पडलेल्या पबचं काम आमच्याकडे आलं. इमारत १८९० च्या दशकातली. त्या काळात तिथे पबवर पाण्यासारखा पैसा ओतला जात होता. दर्शनी भागाला हिरव्या झिलईच्या टाइल्स होत्या. कोळशाच्या धुराने काळवंडणाऱ्या शहरात अशी भिंत धुतली की लख्ख व्हायची. आता वर-खाली फ्लॅट होणार होते. बाहेरची शोभा मालक राखणार होते, पण रस्त्याकडच्या पाच दारांपैकी चार त्यांना बुजवायची होती. आत एकच मोठा हॉल, त्याला इतकी दारं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

त्या सकाळी सुतारांनी जुना गालिचा उचलला आणि मी टेप तिथेच टाकून खाली बसले. फळ्यांवर चार गडद पट्टे होते. दोन-दोन दारांच्या मधून निघून ते थेट मधल्या काउंटरपर्यंत जात होते. पट्ट्यांवर खिट्ट्या मारून बुजवलेली भोकं, आणि काउंटरच्या कडेला त्याच रेषेत वेगळ्या लाकडाची ठिगळं. म्हणजे इथे लाकडी पार्टिशनं होती. संत्र्याच्या फोडींसारखे पाच बार, प्रत्येकाला स्वतःचं दार आणि मध्ये सगळ्यांना पेय देणारं एकच काउंटर.

मग दारांवरच्या काचांवरचा काळा रंग हळूहळू खरवडला. अ‍ॅसिडने कोरलेली अक्षरं वर आली: पब्लिक बार, सलून, प्रायव्हेट बार. कामगार पब्लिक बारमध्ये उघड्या फळ्यांवर उभे राहत. सलूनमध्ये बैठक चांगली आणि बिअर महाग. शेवटच्या अरुंद दारावर होतं 'जग अँड बॉटल'. इथे बसायचं नाही, भांडं भरून घरी न्यायचं. मुलांनाही सर्रास पाठवत. १९०१ च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना सीलबंद भांड्याशिवाय दारू द्यायला बंदी आली. त्या दाराचा उंबरठा सर्वांत जास्त झिजलेला होता.

प्रायव्हेट बारच्या बाजूला काउंटरवर ओळीने छोटी भोकं सापडली. तिथे 'स्नॉब स्क्रीन' असणार: डोळ्यांच्या उंचीवर फिरणाऱ्या कोरीव काचेच्या झडपा. त्या लावल्या की काउंटरमागच्या माणसाला गिऱ्हाइकाचा चेहरा दिसत नसे. ही सगळी रचना जागेवर पाहायची असेल तर लंडनच्याच मेडा वेल भागातल्या प्रिन्स आल्फ्रेड पबमध्ये जावं. तिथल्या पार्टिशनांमधली दारं इतकी बुटकी आहेत की वाकूनच जावं लागतं.

अशी पार्टिशनं फार थोडी उरली. कोपऱ्यांवर नजर ठेवता येत नाही म्हणून परवाने देणाऱ्या मॅजिस्ट्रेटना ती खुपायची, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मोकळ्या हॉलची टूम आली. मला या इमारतीत टाइल्सपेक्षा ही विभागणी मोलाची वाटते. कोणी कोणाशेजारी उभं राहायचं हे तिथे लाकडाने आणि काचेने ठरवलं होतं. दारं बुजवली असती तर त्याचा शेवटचा पुरावा गेला असता.

हेच मी अहवालात नकाशांसह मांडलं. कौन्सिलच्या संवर्धन अधिकारी स्वतः येऊन फळ्या पाहून गेल्या. मालकही आले, पट्ट्यांवरून चालले आणि बराच वेळ प्रश्न विचारत राहिले. आता पाचही दारं राहणार आहेत. त्यातली दोन आतून पक्की बंद होतील, पार्टिशनांच्या रेषा नव्या फरशीत गडद लाकडाने दाखवल्या जातील, आणि 'जग अँड बॉटल'च्या दारातून आत गेल्यावर रहिवाशांच्या टपालपेट्या असतील.