बुक्का, मोजे आणि सातबारा

माउलींच्या पालखीबरोबर चालताना पुणे ते सासवड हा दिवस सगळ्यात लांबचा. सुमारे ३२ किलोमीटर, आणि अंगातला दम निम्मा संपल्यावर दिवेघाटाची चढण. पहाटे तीनला उठायचं, टँकरच्या तोटीखाली चार तांबे अंगावर घ्यायचे, पिशवी ट्रकमध्ये टाकायची आणि हडपसरच्या बाजूला लागायचं. सासवडच्या तळावर पोचेपर्यंत दिवस मावळलेला असतो. राहुट्या उभ्या असतात, पिठल्याचा वास सुटलेला असतो, पण माणसं आधी औषधपेटीशी येतात. आमच्या दिंडीत ती पेटी माझ्याकडे असते. पाय तपासायचं काम मात्र आबांचं.

आबांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. मधुमेहाने तळव्याची जाणीव गेली होती. चपलेत शिरलेला खडा दिवसभर टोचत होता तो त्यांना कळलाच नाही. आधी जखम, मग पू, मग काळी पडलेली बोटं, मग पाय. एवढं ते एका दमात सांगतात आणि समोरच्याला म्हणतात, "तळवे पुढे करा माउली, आणि डोळे मिटा."

मग तर्जनीचं टोक अगदी हलकं, दाबल्याशिवाय, पायाच्या अंगठ्याला एक-दोन सेकंद टेकवायचं. नंतर मधल्या बोटाला, नंतर करंगळीला. दोन्ही पायांच्या मिळून सहा जागा. जिथे कळेल तिथे "हां" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत, तर त्या माणसाची जाणीव कमी झालेली आहे असं धरायचं. दाबून पाहिलं तर ही परीक्षा फसते, कारण दाब आतपर्यंत पोचतो आणि माणूस उगाच "हां" म्हणतो. बोट टेकवण्यापलीकडे यात काही लागत नाही. दरवर्षी आमच्या दिंडीत असे दोघे-तिघे निघतात, आणि "मला तर काहीच दुखत नाही" असं कौतुकाने सांगणारे बहुधा तेच असतात.

अशांचा फोड आम्ही फोडत नाही. झाकायचा आणि आरोग्यपथकाकडे पाठवायचं, त्याच दिवशी. बाकीच्यांचा फोड छोटा असेल तर तसाच राहू द्यायचा. मोठा, ताणलेला, पाऊल टेकवू न देणारा असेल तरच हात लावायचा: साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला दोन छिद्रं, पाणी हलकेच दाबून काढायचं, मलम लावून पट्टी. वरची कातडी कापायची नाही. ती कापली की खालचं लाल मांस उघडं पडतं आणि पुढे जेजुरीपर्यंत चालणं संपतं. चुना, हळद, तंबाखू यातलं काहीही जखमेत भरायचं नाही. फोड येण्याची कारणंही ठरलेलीच: वारीसाठी म्हणून घेतलेले नवे बूट, पावसात भिजलेले मोजे तसेच ठेवणं, आणि बोटांमध्ये राहिलेला ओलावा. मोज्यांचे तीन जोड हवेत, एक पायात, एक वाळत, एक कोरडा पिशवीत. पहाटे टाचेला आणि बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन.

मधुमेह असलेल्यांना आबा आणखी दोन गोष्टी बजावतात. गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं आणि नाश्ता पुढच्या गावात मिळेल म्हणून चालत सुटायचं, यात साखर उतरते. थरथर, घाम, बडबड सुरू झाली की तीन चमचे साखर पाण्यात, आणि पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा तेवढीच. एकादशीचा उपवास नेहमीच्या डोसवर करायचाच नाही, डॉक्टरांना निघण्याआधी विचारून घ्यायचं. इन्सुलिन बर्फाला चिकटवून ठेवलं तर गोठतं आणि वाया जातं. ट्रकमध्ये आमची दोन मडकी असतात, मोठ्यात ओली वाळू आणि तिच्यात बसवलेलं छोटं. कुप्या छोट्यात राहतात.

आबा स्वतः सगळी वाट चालत नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण कृत्रिम पायावर चालणारा वारकरी दिसला की लोक फोटो काढतात, आणि तो रक्ताळलेल्या पायाने चालला असता तर त्यांना आणखी आवडलं असतं. घाटाच्या दिवशी आबा ट्रकमध्ये बसतात. लोणंदच्या पुढे वाट सपाट होते तेव्हा सकाळचे चार-पाच किलोमीटर चालतात, क्वचित दुपारचे दोन. असा कृत्रिम पाय, जयपूर फूट, १९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला. अनवाणी चालता यावं, मांडी घालून बसता यावं, चिखलात उतरता यावं, हा त्यामागचा विचार. पण पाय कितीही चांगला असला तरी आतला खुंट, म्हणजे कापल्यावर उरलेला पाय, दिवसभर एकसारखा राहत नाही. सकाळी तो खोबणीत घट्ट बसतो, चालून चालून आकसतो, मग खोबण सैल होते, खुंट आत खाली सरकतो आणि हाडाच्या टोकाशी कातडी घासते. म्हणून सकाळी खुंटावर एक सुती मोजा, दहाच्या सुमारास त्यावर दुसरा, दुपारी लागला तर तिसरा. दर तासाला पाय काढायचा, खुंट कोरड्या फडक्याने टिपायचा आणि आरशात खालून बघायचा. लाल डाग दहा मिनिटांत गेला तर ठीक. राहिला तर त्या दिवसाची वारी तिथेच थांबली.

विसाव्याला पाय काढून बसलेले आबा दिसले की दुसऱ्या दिंड्यांतली माणसं हळूहळू जवळ येतात. कुणाचा भाऊ अपघातानंतर दोन वर्षं खाटेवर आहे, कुणाचा पाय मिळाला पण माळ्यावर पडलाय. आबा पहिला प्रश्न विचारतात, "मोजे किती दिलेत?" बहुतेकांना एकच दिलेला असतो. एकाच मोज्यावर दिवस काढला, टोचलं, म्हणून पाय माळ्यावर गेला. पुढचं बोलणं मग सोपं होतं.

सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा. हाताशी वेळ असतो तेव्हा जवळच्या कुंभारवळणचा विषय निघतोच. सिंधुताई सपकाळांनी उभं केलेलं ममता बाल सदन तिथे आहे. वर्धा जिल्ह्यातली १९४८ सालची ही पोर, नको असलेली म्हणून घरात नाव 'चिंधी'. नऊ महिन्यांची गरोदर असताना नवऱ्याने हाकललं, गोठ्यात बाळंतपण झालं, रेल्वेत गाणी म्हणून भीक मागितली. पुढे अनाथ पोरांना जवळ करायला लागल्यावर त्यांनी स्वतःच्या मुलीला, ममताला, पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे वाढवायला दिलं. आपली आणि दुसऱ्याची यात हात आखडू नये म्हणून. मला त्यांच्या सगळ्या आयुष्यात हा निर्णय सर्वांत अवघड वाटतो. २०२१ला पद्मश्री जाहीर झाली आणि ४ जानेवारी २०२२ला त्या गेल्या.

नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. लोणंद मागे टाकल्यावर चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं आणि मुक्कामाला तरडगाव. इथपर्यंत अंगाला चाल बसलेली असते. आमच्या दिंडीत अक्का असतात त्या या भागात रोज चालताना कुणी ना कुणी बाई शेजारी घेऊन चालतात.

अक्का मराठवाड्यातल्या. डोक्यावर पितळी तुळशीवृंदावन. जुन्या लुगड्याची चुंबळ, तिच्यावर वृंदावन, आणि मातीला पाणी ओंजळभरच, कारण भिजलेली माती दुपारपर्यंत मान मोडते. नवरा गेला तो कर्जापायी, औषध पिऊन. गावात हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवत नाही. इथे सकाळी सगळ्यांच्या कपाळी तोच गोपीचंदनाचा टिळा आणि तोच काळा बुक्का, आणि प्रत्येक जण प्रत्येकाच्या पाया पडतो. पण अक्का एवढ्यावर समाधान मानणाऱ्या नाहीत. त्या विधवा बायकांना सातबारा शिकवतात.

त्यांचा पहिला धडा: दहावं-तेरावं होईपर्यंत कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही. हक्कसोडपत्रं याच दिवसांत पुढे येतात, "पोरांच्या नावावर करू, तुला काय करायचंय" म्हणत. दुसरा: मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ म्हणजे खातेउतारा, आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. सगळ्या म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई हयात असेल तर ती. हिंदू वारसा कायद्यात या सगळ्यांचा वाटा सारखा. गडबड इथेच होते. अर्ज दीर लिहून देतो, त्यात मुलग्यांची नावं येतात, बायकोचं आणि मुलींचं राहून जातं. गाव नमुना ६-क या नोंदवहीत वारसांची नोंद होते, मग फेरफार म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातला बदल, मग पंधरा दिवसांची नोटीस. त्या पंधरा दिवसांत हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो आणि पुढे दुरुस्तीसाठी प्रांताधिकाऱ्याकडे अपिलात जावं लागतं. सासरा हयात असेल आणि जमीन अजून त्याच्याच नावावर असेल तर वारस नोंद होणारच नाही. वडिलोपार्जित असेल तर वाटणी मागायची, तो वेगळा आणि लांबचा रस्ता. हे अक्का आधीच सांगून टाकतात, म्हणजे बाई उगाच हेलपाटे घालत नाही.

आत्महत्येच्या प्रकरणात राज्य सरकारची मदत एक लाखाची: ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. त्यासाठी नापिकी, न फिटलेलं कर्ज, वसुलीचा तगादा ही कारणं कागदावर दिसावी लागतात. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. बिनपरवाना सावकाराच्या वहीतलं कर्ज माणसाचा जीव घेतं आणि सरकारदरबारी ते नसतंच. पंचनाम्यात कारण म्हणून दारू किंवा पोटदुखी लिहिली गेली तरी प्रकरण अपात्र होऊ शकतं, आणि जबाब देणारी बाई त्या दिवशी शुद्धीवर नसते. "जबाब वाचून दाखवा म्हणायचं, मगच सही," हे अक्का तुळस सांभाळत सांगतात, रस्त्यावरची नजर न काढता.

कर्ज हा विषय या वाटेला नवा नाही. तुकोबांचं घर सावकारी करणारं होतं. १६३०च्या दुष्काळात धंदा बसला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय. परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी लोकांकडून घेतलेली कर्जखतं इंद्रायणीत टाकली, तीसुद्धा स्वतःच्या वाट्याची निम्मीच; धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला दिली. दुसऱ्याच्या हक्काचं त्यागायचं नाही, एवढा हिशेब त्या दुःखातही पक्का होता. त्यांचा धाकटा मुलगा नारायणबाबा त्यांच्या मागे जन्मला, आणि त्यानेच १६८५ साली देहूहून पालखी सुरू केली.

आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी. हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी पकडून गुहेत कोंडलं, तिथे त्यांनी हरिपाठ धरला आणि सुटल्यावर घरी न जाता आळंदी गाठली, अशी कथा आहे. पुढे अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे, तंबू मिळाले, दिंड्यांचा क्रम लागला. त्या शिस्तीतली समाजआरती मला सगळ्यात मोठी वाटते. संध्याकाळी तळावर चोपदार हातातला दंड, चोप, उंच करतो आणि लाखभर माणसं गप्प होतात. ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तिने मात्र टाळ वाजवत राहायचं. सगळीकडे शांत, आणि तेवढाच एक टाळ. चोपदार तिथे जातो, म्हणणं ऐकतो, निवाडा होतो. हरवलं-सापडलं पुकारलं जातं. मगच आरती.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात आणि दशमीला पंढरपूर. नामदेव पायरीशी चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले, १३३८ साली. जिवंतपणी मंदिरात जाता आलं नाही. ते दार हरिजनांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात इथेच प्राणांतिक उपोषण करावं लागलं. गाडगेबाबा पंढरपूरला यायचे ते खराटा घेऊन, चंद्रभागेचं वाळवंट आणि रस्ते झाडायला. बाप दारूने गेलेला, मामाची जमीन सावकाराने गिळलेली, म्हणून कीर्तनात दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा: दारू पिऊ नका, सणावारासाठी कर्ज काढू नका. चोखामेळा धर्मशाळा त्यांनीच बांधली.

द्वादशीला पारणं फेडून दिंडी मोडते. एसटी स्टँडवर गर्दीत अक्का एका तिशीतल्या बाईला घेऊन उभ्या होत्या. बाईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत दाखला, आठ-अ आणि पेनाने लिहिलेला अर्ज. अक्कांनी तिला तीनदा म्हणायला लावलं: अर्ज दोन प्रतींत, एकीवर शिक्का आणि तारीख, पोहोच हातात पडल्याशिवाय उठायचं नाही.

"आणि तलाठी म्हणाला नंतर या, तर?"

"चोपदार येईस्तोवर टाळ थांबवतो का आपण?" अक्का म्हणाल्या, आणि गाडी लागली तशी तिची पिशवी खिडकीतून सीटवर टाकली.