क्योतोत वांग्याची पत्रिका

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी एका सत्तरीच्या बाईंकडे स्वयंपाक शिकायला जाते. बाई पक्क्या मॅक्रोबायोटिकवाल्या, म्हणजे थंड-उष्णाचा तोल सांभाळून जेवणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे रोज काय शिजतं?" मी सांगत सुटले: बटाट्याची भाजी, टोमॅटोचं सार, भरली वांगी, मिरचीचा ठेचा, दोन चमचे साखरेचा चहा. बाई प्रत्येक पदार्थाला "इन" म्हणत मान हलवत होत्या. आपण यिन-यांग म्हणतो, त्याला इथे इन-यो म्हणतात. माझं अख्खं माहेर एकाच पारड्यात गेलं!

इन म्हणजे थंड, सैल करणारं, पाणीदार. यो म्हणजे उष्ण, आवळून धरणारं. साखर, मिरची, वांगं एका टोकाला. मीठ, अंडी, मांस दुसऱ्या. मधोमध अख्खा, पॉलिश न केलेला तांदूळ, म्हणून निम्मं ताट धान्याचं. मूळ कल्पना इशिझुका सागेन या लष्करी डॉक्टरची, पण त्याचा हिशेब सोडियम-पोटॅशियमचा होता. १८९३ साली इथेच क्योतोत जन्मलेल्या जॉर्ज ओसावाने त्याला इन-योत बसवलं आणि जगभर नेलं.

माझं घोडं अडलं वांग्यापाशी. आमच्या आजीच्या लेखी वांगं उष्ण. अंगावर पुळी उठली की आधी वांगं बंद. इथे तेच थंड! जपानी म्हण तर सांगते, शरदातलं वांगं सुनेला खाऊ घालू नका. कुणी म्हणतं सुनेला थंडी बाधेल म्हणून, कुणी म्हणतं सासूलाच ते हवं असतं म्हणून. मला दुसरं कारण जास्त पटतं.

बाई वांगं टाळत मात्र नाहीत. कामोनासु हे क्योतोचं गोल, गलेलठ्ठ वांगं. त्याच्या जाड चकत्यांना मीठ लावायचं, पाणी सुटलं की पुसायचं, तेलावर भाजायचं, वर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा. मीठ, मिसो, विस्तव हे तिन्ही यो, म्हणजे वांगं ताळ्यावर आलं. मिरचीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या उन्हात ती शोभते, आमच्या जानेवारीत नाही. 'शिंदोफुजी', देह आणि माती वेगळी नाहीत.

हे पटतं. पण औषध म्हणून मी याकडे बघत नाही. ओसावाच्या नुसत्या धान्यावर राहायच्या पथ्यापायी १९६५ मध्ये अमेरिकेत एका तरुणीचा जीव गेला. बाईही ते लपवत नाहीत.

गेल्या सप्टेंबरात त्याच वांग्याचं भरीत केलं, हिरवी मिरची घालून. (चातुर्मास चालू होता, आईने हे वाचू नये.) डबाभर बाईंना दिलं. रिकामा डबा परत करायची रीत इथेही नाही. आत चार उमेबोशी होत्या, मिठात मुरलेली आंबट जपानी फळं, आणि चिठ्ठी: "मिरचीवर उतारा."