बॉक्स खोलणारं गॅरेज : आमची वाटचाल

आमच्याकडे डेंटिंग-पेंटिंग होत नाही, एसी भरला जात नाही, अलाइनमेंट होत नाही. आम्ही गिअरबॉक्स करतो. १९९८ पासून वागळे इस्टेटमधल्या त्याच गाळ्यात फक्त गिअरबॉक्स आणि क्लच. पाटीवर तेवढंच लिहिलंय आणि तेवढं पुरतं. आज लिहायला बसलो, कारण ‘मॅन्युअलवाल्यांना डीसीटी (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा ड्युअल क्लच गिअरबॉक्स) कळत नाही’ हे वाक्य आमच्या नावाला चिकटवून ठाण्यात बरीच वर्षं फिरवलं गेलं. त्याचं उत्तर पहिल्यापासून द्यायचं आहे.

सुरुवात मी आणि मास्तरांनी केली. मास्तर मूळचे टर्नर. एलबीएस रोडवरचा त्यांचा कारखाना बंद पडला, हिशेबाचे पैसे हातात आले, ते त्यांनी या गाळ्यात घातले. मी तोवर दुसऱ्याच्या गॅरेजात बॉक्स उतरवायचो आणि चढवायचो, आतलं काम मुंबईला पाठवलं जायचं. मास्तरांना गाडीतलं फारसं कळत नव्हतं, पण धातूतलं सगळं कळत होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मितुतोयो कंपनीचा डायल गेज, म्हणजे बारीक फरक मोजायचं काट्याचं यंत्र, हातात दिला आणि सांगितलं, “बाळा, हाताने हलवून ‘प्ले (ढिलेपणा) आहे’ म्हणू नकोस. किती आहे ते सांग.” तो गेज आजही आमच्याकडे आहे. नवीन मुलगा आला की पहिला महिना त्याला पाना मिळत नाही, गेज मिळतो.

तेव्हा बाजारात पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायची साधनं, मिळायचे ते ट्रकच्या मापाचे. सिंक्रो (गिअर लागण्याआधी वेग जुळवून घेणारा भाग) आणि त्याचा हब काढायला छिन्नी-हातोडी मारणारी गॅरेजेस ठाण्यात भरपूर होती. मास्तरांनी लेथवर पुलर बनवले: एस्टीमला एक, १.६ पॅलिओला वेगळा, लान्सरला वेगळा. प्रत्येकावर पंच मारून गाडीचं नाव. हायड्रॉलिक प्रेस सेकंडहँड घेतला, पण त्याखाली ठेवायचे अडॅप्टर सगळे घरचे. बेअरिंग प्रेस करताना जोर आतल्या रिंगवर द्यायचा की बाहेरच्या, हे ज्याला सांगावं लागतं त्याने बॉक्स उघडू नये, असं मास्तर म्हणत, आणि मीही तेच म्हणतो.

त्या काळात वेगाने गाडी चालवणाऱ्यांची संख्या मोजकी होती आणि सगळे एकमेकांना ओळखत. २००० सालची १.५ व्हीटेक सिटी आली तेव्हा १०६ हॉर्सपॉवर म्हणजे केवढं वाटायचं! ही पोरं रविवारी पहाटे कसाऱ्याला नाहीतर माळशेजला जायची आणि सोमवारी दुसऱ्या गिअरचा खर्रर आवाज घेऊन आमच्याकडे यायची. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना इंजिनचे आरपीएम जुळवायचे नाहीत, सगळा भार सिंक्रोच्या पितळी रिंगवर टाकायचा, मग ती किती टिकणार? आम्ही रिंग बदलायचो आणि सोबत फुकट शिकवणीही द्यायचो.

डॉक्टर आमच्याकडे आले ते याच काळात. कोपरीत दवाखाना, आणि २००४ ची ऑक्टाव्हिया आरएस. १.८ टर्बो, १५० हॉर्सपॉवर, पाच गिअर मॅन्युअल. ठाण्यात त्या गाड्या फार नव्हत्या. डॉक्टर रुग्ण तपासतात तशी गाडी ऐकायचे. एकदा म्हणाले, “चौथ्यात, ऐंशीच्या आसपास, ॲक्सिलरेटर सोडला की एक घुमणारा आवाज येतो, दाबला की जातो.” बॉक्स उघडला तर शाफ्टच्या बेअरिंगच्या रेसवर पहिले बारीक खड्डे नुकते पडू लागले होते. डोळ्यांना ते दिसलेही नसते, नख फिरवल्यावर लागले. आणखी सहा महिने चालवली असती तर गिअरचे दात गेले असते. असा गिऱ्हाईक मिळाला की कारागीर सुधारतो. ती गाडी आजही डॉक्टरांकडे आहे आणि तिच्या बॉक्सला आमच्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही.

मधली वर्षं चांगली गेली. लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

मग ड्युअल क्लच आला. जगात तो नवा नव्हता. अडोल्फ केग्रेस या फ्रेंच इंजिनिअरने १९३९ च्या सुमारास ही कल्पना मांडली होती, पोर्शेने १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या रेसगाड्यांत ती पळवली, आणि २००३ साली फोक्सवॅगनने ती गोल्फ आर३२ मध्ये रस्त्यावर आणली. आपल्याकडे सामान्य माणसाला परवडणाऱ्या छोट्या टर्बो पेट्रोल गाडीत सात गिअरचा ड्राय (तेलात न बुडणारा) ड्युअल क्लच आला तो २०१३ मध्ये. आणि लगेच बोललं जाऊ लागलं की हे कॉम्प्युटरचं काम आहे, ग्रीसने हात काळे करणाऱ्यांनी लांब राहावं.

मी पहिला ड्युअल क्लच बॉक्स टेबलावर उघडला तेव्हा मास्तर शेजारी होते. आत पाहून म्हणाले, “हे तर आपलेच गिअर आहेत.” आणि तसंच आहे. ड्युअल क्लच म्हणजे एका खोक्यात बसवलेले दोन मॅन्युअल गिअरबॉक्स. एका इनपुट शाफ्टवर १, ३, ५, ७. दुसऱ्या पोकळ शाफ्टवर, जो पहिल्याच्या अंगावर चढवलेला असतो, २, ४, ६ आणि रिव्हर्स. दोघांना स्वतंत्र क्लच. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लागलेला असतो, फक्त त्याचा क्लच सुटलेला असतो. गिअर बदलायचा म्हणजे एक क्लच सोडायचा आणि त्याच क्षणी दुसरा पकडायचा. चाकांकडे जाणारी ताकद तुटतच नाही, म्हणून कितीही तयारीचा हात असला तरी मॅन्युअलवाला सरळ रस्त्यावर मागे पडतो. पण आत सिंक्रो रिंगा त्याच, गिअर सरकवणारे शिफ्ट फोर्क तेच, बेअरिंग तीच. फोर्क ढकलायला हाताऐवजी तेलाचा दाब, आणि कधी ढकलायचं ते ठरवणारं कंट्रोल युनिट, मेकाट्रॉनिक. ज्याने वर्षानुवर्षं सिंक्रो बसवले त्याला हे कळणार नाही, असं म्हणायला तोंड कसं धजावतं?

आता एका शेजाऱ्याबद्दल. नाव घेत नाही. घोडबंदर रोडला काचेचं गॅरेज, आत टाइल्स, गिऱ्हाइकाला कॉफी. डीसीटी आली की त्यांचं उत्तर ठरलेलं : मेकाट्रॉनिक गेलं, पूर्ण बदला. आकडा लाखांत. मी त्यांच्याकडून ‘नापास’ होऊन आलेल्या गाड्या पाहिल्या आहेत. काहींत फक्त क्लचची झीज, काहींत नुसतं अडॅप्टेशन, म्हणजे क्लच कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला पुन्हा शिकवणं. बॉक्स खोलून पाहायची तसदी कोणी घेतलेली नसायची.

आम्ही त्याच वेळी कर्ज काढून ड्युअल क्लचचं सामान उभं करत होतो. स्कॅनर, क्लच ओढून काढायचा पुलर, दाबून बसवायचं टूल. कंपनीचं मोजमापाचं सामान परवडेना, तर मास्तरांनी टूल स्टीलची पट्टी पलीकडच्या गाळ्यात सरफेस ग्राइंडरवर घासून घेतली, ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवून गेजने सपाट असल्याची खात्री केली आणि मगच कामाला लावली. ड्राय क्लचच्या कामात ही पट्टी म्हणजे सर्वस्व. ती बेल हाउसिंगवर आडवी ठेवायची, डेप्थ गेजने दोन्ही एंगेजमेंट बेअरिंगची (क्लच दाबणाऱ्या बेअरिंगची) खोली घ्यायची, नव्या क्लचवर लिहिलेला टॉलरन्स (मापातला फरक) त्यात धरायचा आणि त्याप्रमाणे शिम, म्हणजे अंतर भरून काढणारी पातळ चकती, निवडायची. पहिल्या क्लचची (के१) वेगळी, दुसऱ्याची (के२) वेगळी. जुनी शिम तशीच ठेवून नवा क्लच चढवणारे लोक आजही आहेत. अशी गाडी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथरली की हेच लोक ‘मेकाट्रॉनिक’ म्हणतात.

२०१६ मध्ये घोडबंदरच्या एका तरुणाच्या गाडीचा क्लच आम्ही बदलला. पावसाळा संपेपर्यंत ती जळक्या वासासह परत आली, पण आमच्याकडे नाही, काचेच्या गॅरेजात. तिथून गाडीप्रेमींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो गेले : काळा-निळा पडलेला क्लच आणि खाली आमचं नाव. दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा आम्हाला जेवायला वेळ नसतो, तेव्हा रॅम्प रिकामे होते. दोन मुलं जास्त पगारावर त्याच काचेच्या गॅरेजात गेली. ज्यांना मी गेज धरायला शिकवलं ती. नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी आली आणि जे रोखीचं काम होतं तेही थांबलं. बँकेचा हप्ता, गाळ्याचं भाडं, उरलेल्या मुलांचे पगार. घरचं सोनं गहाण पडलं. मास्तरांनी भागीदारीतला आपला वाटा उचलायचं बंद केलं आणि मला ते सांगितलंही नाही, हिशेब करताना समजलं.

डॉक्टर एका सकाळी आले. हातात चेक, पुढच्या क्लचचा ॲडव्हान्स म्हणून, आणि त्यांच्या गाडीच्या क्लचला तर काहीच झालं नव्हतं. मी घेईना. ते म्हणाले, “अहो, ठेवा. आणि त्या मुलाला गाडीसकट इथे बोलवा, मी त्याच्याशी बोलतो.”

ते बोलले, आणि मुलगा आला. ग्रुपमधले आणखी काही जण आले. सगळ्यांसमोर स्कॅनर लावला. क्लच किती वेळा, किती तापला याची नोंद गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट ठेवतं. आमचं काम झाल्यानंतरचे पहिले आठवडे अगदी स्वच्छ होते आणि मग एकाएकी तापण्याच्या नोंदींची रांग. इंजिनच्या ईसीयूमध्ये (कॉम्प्युटरमध्ये) सॉफ्टवेअर पुन्हा लिहिल्याची खूण होती. मुलाने मान्य केलं की मध्ये कोणाकडून तरी रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला सॉफ्टवेअरमध्ये बदल, करून घेतलं होतं. तो बॉक्स जास्तीत जास्त २५० न्यूटन मीटर टॉर्कसाठी बनवलेला, आणि रिमॅप करणाऱ्याने त्याच्या वरचा आकडा अभिमानाने कागदावर छापून दिला होता. मी ग्रुपवाल्यांना क्लच हातात दिला, शिमची मापं आमच्या जॉब कार्डाशी जुळवून दाखवली. एकही माप चुकलेलं नव्हतं.

मुलाने त्याच संध्याकाळी ग्रुपवर सगळं लिहिलं, त्याचं मन मोठं. काचेच्या गॅरेजातून आजवर एक शब्द आलेला नाही. फोटो पसरवताना लागली ती घाई खरं सांगताना कुठे गेली, हा प्रश्न मी अजून विचारतो. गेलेल्या मुलांपैकी एक परत आला, त्याला घेतलं. आज तोच आमचा फोरमन आहे.

मास्तर आता गावी असतात, संगमेश्वरकडे. पट्टी इथेच आहे.

आता गिऱ्हाइकांना चार गोष्टी सांगतो. डीसीटी घेतलीत तर गायमुखच्या चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक पूर्ण दाबा म्हणजे क्लच सुटतो. पुढची गाडी वीतभर सरकली म्हणून आपणही सरकायचं नाही, दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग एकदाच पुढे जा. ड्राय क्लचला तेलाची थंडाई नसते, सरपटत चालवलं की तो भाजतो. तेलात बुडालेल्या, म्हणजे वेट क्लचवाल्यांनी तेल वेळेवर बदलावं. सहा गिअरच्या वेट डीएसजीला (फोक्सवॅगनच्या ड्युअल क्लचला) ६०,००० किलोमीटरची मुदत आहे, ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये मी त्याआधीच बदलायला सांगतो. मॅन्युअलवाल्यांनो, डावा हात सतत गिअरच्या दांड्यावर विसावलेला नको, फोर्क झिजतो. क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्यांना काय सांगायचं ते समोर आल्यावर सांगेन.

आणि मॅन्युअल संपलं म्हणणाऱ्यांनी जरा आजूबाजूला पाहावं. पोर्शेने २०१३ ची ९११ जीटी३ फक्त पीडीकेवर (त्यांच्या ड्युअल क्लचवर) दिली आणि २०१७ मध्ये मॅन्युअल परत आणलं, कारण घेणाऱ्यांनी मागितलं. बीएमडब्ल्यूने एम५ मधून ड्युअल क्लचच काढला आणि २०१७ पासून टॉर्क कन्व्हर्टरचा नेहमीचा ऑटोमॅटिक बसवला. आपल्याकडेही २०२३ मध्ये आय२० एन लाइनला खरंखुरं सहा गिअरचं मॅन्युअल मिळालं आणि व्हर्टस जीटीच्या १.५ लाही. ती घेणारी पोरं माझ्याकडे येतात, वय पंचविशीच्या आत, आणि हील-अँड-टो (एकाच पायाने ब्रेक दाबत ॲक्सिलरेटर देऊन आरपीएम जुळवणं) कसं करायचं ते विचारतात. मला त्यांचं फार कौतुक आहे. रोज मानपाडा ते बीकेसी करणाऱ्याला मात्र मी मॅन्युअल घे म्हणत नाही. गाडी रस्ता बघून घ्यावी.

जुनी डीसीटी घेणार असाल तर थंड गाडीची चक्कर मारून हो म्हणू नका. अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवा, मग चढावर थांबवून रिव्हर्समध्ये हळूच सोडा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आणि या रिव्हर्सला, दोन्हीकडे लक्ष द्या. थरथर जाणवली तर किंमत ठरवण्याआधी गाडी आमच्याकडे आणा, सकाळी लवकर आणा, आणि मालकालाही सोबत आणा म्हणजे स्कॅनरवरचे आकडे त्याच्यासमोरच वाचता येतील.