डावा डग्गा सापडला! (एम४०एक्स हेडफोनचं अपडेट, आणि एका प्लॅनचा बट्ट्याबोळ)

मागच्या वेळी मी रडगाणं गाऊन गेले होते की नवे मखमली पॅड लावल्यापासून डावीकडचा बेस गायब आहे, आणि आता हा हेडफोन विकून एकेजीचा के३६१ घेणार. तर मंडळी, विकत नाहीये. आठ दिवस अक्षरशः डोकं खाल्लं या प्रकरणाने, पण चोर सापडला. खरं तर चोर दोन होते, म्हणून तर सापडत नव्हते (दुसरा तर हे लिहिता लिहिताच सापडला).

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: कल्याण ते घाटकोपर रोजचा प्रवास, बजेट पाच हजार, आणि कानात बुडवायचे इअरफोन (आयईएम) मला पंधरा मिनिटांच्या वर सहन होत नाहीत. म्हणून क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपांचा हेडफोन. ऑडिओ-टेक्निकाच्या एम२०एक्सची वायर निघत नाही, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० घडी होत नाही (आणि स्वस्तात मिळत होता तो २५० ओहमवाला, म्हणजे वाजवायला जास्त जोर लागणारा, फोनवर कण्हत वाजला असता), सोनीचा ७५०६ तर १९९१ पासून बाजारात आहे आणि मला मनापासून आवडतो, पण ती जुन्या टेलिफोनसारखी गुंडाळीची न निघणारी वायर घेऊन लेडीज डब्यात शिरायचं म्हणजे दोन बायकांना बांधूनच उतरायचं. शेवटी ऑडिओ-टेक्निकाचाच सेकंडहँड एम४०एक्स, ४२०० ला. ३५ ओहम, घडी होतो, वायर निघते, २४० ग्रॅम. पॅडचे पापुद्रे गळत होते, रोज संध्याकाळी गालावर काळे ठिपके घेऊन घरी यायचे, म्हणून मखमली पॅड मागवले. घामाला बरे म्हणून. इथून महाभारत सुरू.

माझी टेस्ट ट्रॅक तुम्हाला माहितीये, विलंबित एकतालातलं ते स्टिरिओ रेकॉर्डिंग, तबला उजवीकडे आणि डग्गा बऱ्यापैकी डावीकडे. जुन्या पॅडवर पहिल्या 'धिं' ला डग्ग्याचा घुमारा असा गालापर्यंत यायचा. नव्या पॅडवर नुसतं 'टप'. जणू तबलजीने डग्ग्यावर टॉवेल टाकलाय.

मखमल सच्छिद्र असते, थोडा बेस जाणार हे गृहीत धरलं होतं. पण मग दोन्हीकडून जायला हवा ना. मोनोमध्ये (दोन्ही कानांना एकच आवाज) ३० आणि ५० हर्ट्झचे टोन लावले, उजवीकडे ऐकू येतायत, डावीकडे ५० चा नुसता भास. डाँगल (फोनला हेडफोन जोडायचा तुकडा) बदलला, तेच. नवऱ्याचा फोन घेतला, तेच. डावा-उजवा चॅनल ॲपमधून उलटा केला, तरी डावीकडेच कमी, म्हणजे फाइल आणि फोन सुटले. वायरवर संशय होताच, कारण ती मीच जुगाड केलेली आहे (सांगते पुढे), पण ती बदलूनही तेच. मग वाटलं ड्रायव्हर, म्हणजे कपातला छोटा स्पीकरच, गेला. ४२०० पाण्यात. त्या रात्री मी के३६१ च्या जाहिराती बघत बसले होते, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सहज डावा कप बोटांनी दाबला आणि एकदम घुमारा आला! सोडला की गेला. दाबला की आला. ड्रायव्हर मेला असता तर दाबून जिवंत झाला नसता, म्हणजे हवा कुठून तरी निसटतेय. क्लोज्ड-बॅकमध्ये सगळा खालचा बेस सीलवर, म्हणजे पॅड कानाभोवती हवाबंद बसण्यावर, उभा असतो हे मी स्वतः इथे दहा जणांना शिकवलंय, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा डाँगल बदलत बसले.

मग हेडफोन उलटा घातला, एल खुणेचा डावा कप उजव्या कानावर. बेसची बोंब एल बरोबर उजवीकडे आली. पण पूर्ण नाही. म्हणजे आता उजवीकडे बराच कमी आणि डावीकडेही किंचित कमी. हे काय गौडबंगाल? इथे माझे तीन दिवस गेले.

रात्री लाइट बंद करून बाथरूममध्ये फोनचा टॉर्च चालू करून ओट्यावर उताणा ठेवला आणि त्यावर डावा कप दाबून धरला. कपाच्या खालच्या बाजूला, घड्याळाच्या पाच वाजता म्हणा, इंचभर लांबीची उजेडाची रेघ! उजव्या कपाला मिट्ट काळोख. पॅडची मागची पातळ किनार असते ना, जी कपाच्या खाचेत जायला हवी, ती तिथे दुमडून बाहेर राहिली होती. वरून मखमल फुगलेली, त्यामुळे दिसायचं काही नाही. पॅड बसवणं म्हणजे उशीला चार नंबर छोटी खोळ घालण्यासारखं आहे, मी पहिल्या वेळी तावातावाने ओढून बसवले होते, चूक माझीच. या वेळी एका टोकाला किनार खाचेत अडकवली आणि पॅड हळूहळू गोल फिरवत नेला, तो आपोआप आत जात जातो, आणि शेवटचा हट्टी भाग जुन्या सिमकार्डाच्या कडेने आत ढकलला. नख वापरू नका, किनार फाटते. परत टॉर्च. काळोख. 'धिं'. अहाहा! रात्री साडेबारा वाजता बाथरूममध्ये हेडफोन घालून हसणारी बाई बघून नवऱ्याने काही विचारलं नाही, सवय आहे त्याला.

पण तो 'किंचित' शिल्लकच. आता हेडफोन सुलटा घालो वा उलटा, डाव्या कानालाच थोडा कमी. म्हणजे खोट आता हेडफोनमध्ये नाही, माझ्या डोक्यात आहे (नवरा: "हे मी लग्नापासून सांगतोय"). चष्मा काढून पाहिला, दोन्ही बाजूंना सारखाच फरक पडला, थोडासा. कुड्या काढल्या, काही नाही. हे लिहायला बसले तोवर उत्तर नव्हतं, पुढचं पुढे.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, वायर. एम४०एक्सच्या बॉक्समध्ये ३ मीटरची सरळ आणि एक गुंडाळीची येते, फोनसाठी छोटी नाहीच. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात "मॅडम, अडीच एमएम ना, कुठलीही बसेल" म्हणून १५० ची वायर गळ्यात मारली, घरी आले तर पिन अडीचचीच पण तिची प्लास्टिकची मान इतकी जाड की कपाच्या भोकात जाईना. कटरने मान तासली, पॉलिश पेपर मारला, आता खट् करून बसते. पिरगाळून लॉक होत नाही, पण गर्दीत वायर अडकली तर निघून येते, मानेला हिसका बसत नाही. लोकलसाठी मला हे लॉकपेक्षा बरं वाटायला लागलंय.

दुसरं, इक्यू, म्हणजे आवाजाचं वरखाली जुळवणं. मी वेव्हलेट ॲपमध्ये एम४०एक्सचं ऑटोइक्यू प्रोफाइल (त्या हेडफोनच्या मोजमापावरून केलेलं तयार इक्यू) लावून ठेवलं होतं आणि पॅड बदलल्यावरही तेच चालू! ते मोजमाप मूळच्या पॅडवरचं. पॅडची जाडी बदलली की ड्रायव्हर कानापासून लांब-जवळ होतो, त्यात कापडही बदललं की वरचं-खालचं सगळंच हलतं. ते काढलं, आता नुसता १०० हर्ट्झच्या खाली ४ डीबीचा लो शेल्फ (म्हणजे तिथला बेस तेवढा वर), आणि तितकाच प्रीॲम्प (एकूण आवाजाची पातळी) खाली, नाहीतर ढोलकीचा आवाज फाटतो.

हा शेल्फ खरं तर गाडीसाठी. घरी सगळं छान वाजत होतं आणि ठाकुर्ली सुटली की बेस परत गायब, दोन्ही कानांनी. क्षणभर वाटलं परत किनार निघाली. पण कळवा-मुंब्र्याला गाडी थांबून राहिली (रोजचंच) आणि डग्गा परत आला. असे कप वरचा कलकल आवाज चांगला अडवतात, बायकांच्या गप्पा, भांडणं वगैरे, पण डब्याची खालची घरघर आरपार येते आणि नेमका बेसच झाकते. एएनसी (बाहेरचा आवाज उलट आवाजाने मारणारी सोय) नेमकं तिथे कामाचं, मान्य, पण या बजेटमधला एएनसी मी ऐकलाय आणि त्यात तानपुऱ्याची जवारी प्लास्टिकची वाटते. म्हणून दोन प्रीसेट, 'घर' आणि 'लोकल'. व्हॉल्यूम वाढवून घरघरीशी भांडू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असा आहे आणि त्यावर प्रत्येक ३ डीबीला वेळ निम्मी होते.

थांबा. हे लिहिता लिहिता केस मागे घेतले आणि ट्यूब पेटली, बघून येते.

आले. वेणी! मी वेणी कायम डाव्या खांद्यावरून पुढे घेते, म्हणजे केसांचा अख्खा पेड डाव्या पॅडखालून जातो. केस वर बांधले, मोनो टोन लावला, दोन्हीकडे सारखा. तीन दिवस!

म्हणजे के३६१ रद्द. उलट आता वाटतंय की गळती बुजलीच आहे तर रेक्झिनचे साधे पॅड परत मागवून बघावेत, मखमल पावसाळ्यात वाळणार कशी हाही प्रश्न आहेच. कुणी जाड नसलेले, मूळ मापाचे रेक्झिनचे पॅड घेतले असतील तर किनार किती रुंद आहे तेवढं मोजून सांगा. तोवर सकाळच्या डब्यात क्लिपावाली मावशी येते तिच्याकडून २० रुपयांचा मोठा क्लचर घ्यायचाय, सपाट पाठीचा, नाहीतर हेडबँडला लागेल.