मधला तास

विद्यापीठाचं पहिलं टाइमटेबल हातात पडतं तेव्हा आधी बरं वाटतं. शाळेत घंटेला घंटा लागलेली असायची. इथे दहाला एक लेक्चर, मग थेट दीडला दुसरं, आणि गुरुवारी तर दुपारनंतर काहीच नाही. मजाच की! हा आनंद साधारण पहिल्या दिवशीच्या सव्वाअकरापर्यंत टिकतो. मग प्रश्न पडतो, आता जायचं कुठे?

फर्स्ट इयरचा विषय निघाला की लोक अभ्यासक्रमाबद्दल, परीक्षांबद्दल, घरच्या आठवणीबद्दल बोलतात. मला विचाराल तर पहिल्या वर्षाचा सगळ्यात अवघड पेपर म्हणजे हा मधला तास. लेक्चरला निदान बसायला बाक आणि बघायला फळा असतो. मधल्या तासात हातापायांचं काय करायचं इथपासून सुरुवात असते.

नवा विद्यार्थी या तासात लांबूनही ओळखू येतो. चालतो भराभर, पण पोचत कुठेच नाही. नोटीस बोर्डासमोर थांबून गेल्या वर्षीच्या परीक्षेची बैठकव्यवस्था शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढतो. मोबाइल काढून, कपाळाला आठ्या घालून, काहीतरी तातडीचं आल्यासारखं बोट फिरवत राहतो; प्रत्यक्षात हवामान बघत असतो. वर्गातलं कुणी समोरून आलं तर हसावं की नाही हे ठरेपर्यंत ते माणूस जिना उतरून गेलेलं असतं. कँटीनमध्ये चार खुर्च्यांचं टेबल एकट्याने अडवायचं तर समोरच्या खुर्चीवर बॅग ठेवायची, म्हणजे आपण कुणाची तरी वाट बघतोय असं दिसतं. ही बॅग मीही पुष्कळ ठेवली आहे. अधूनमधून घड्याळाकडे बघितलं तर परिणाम आणखी चांगला होतो.

त्यात भर म्हणजे प्रत्येकाला वाटत असतं की आपलं सोडून बाकी सगळ्यांचं जमलंय. चौघं जण खिदळत जाताना दिसले की ते बालवाडीपासूनचे मित्र वाटतात. त्यांची ओळख बहुधा त्याच सकाळी झेरॉक्सच्या रांगेत झालेली असते.

मैत्री स्वभाव जुळल्यावर होते, असं आपण धरून चालतो. जर्मनीत लाइपझिगला काही संशोधकांनी मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना सुरुवातीच्याच बैठकीत जागा नेमून दिल्या, कुठलाही निकष न लावता. वर्षभराने पाहिलं तर शेजारी बसलेल्यांची एकमेकांशी मैत्री इतरांपेक्षा जास्त घट्ट झालेली. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्याच्यावाचून आपलं पान हलत नाही तो दोस्त भेटण्यात खुर्च्यांच्या क्रमाचा हात असू शकतो. हे ऐकून थोडं वाईट वाटतं, आणि मग हायसंही वाटतं.

दुसरा हिशेब कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा, २०१८ मधला. त्यांच्या पाहणीत पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही होते. ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, मित्र म्हणावं इतकं जवळ यायला ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. त्यातही एका वर्गात बसल्याचे किंवा सोबत काम केल्याचे तास फारसे कामी येत नाहीत. उगाच गप्पा ठोकल्याचे येतात. आता रोज एक मधला तास धरा, आठवड्याचे पाच. साध्या मैत्रीलाच दहा आठवडे लागले की! दुसऱ्या आठवड्यात ‘माझं इथे कुणीच नाही’ म्हणून घरी फोनवर आवाज बारीक करणाऱ्यांना हे गणित कुणीतरी सांगायला हवं. त्यांच्या स्वभावात खोट नसते. अजून तास भरलेले नसतात, एवढंच.

अर्थात सगळे मोकळे चौकोन गप्पांसाठी नसतात, ही बातमी जरा उशिरा कळते. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. प्रत्यक्ष वर्गात त्यातले थोडेच जातात. उरलेले विद्यार्थी आपले आपण भरणार, असं गृहीत असतं. टाइमटेबलवर मात्र हे तास कोरेच दिसतात. पहिली असाइनमेंट द्यायच्या आदल्या रात्री त्या कोऱ्या चौकोनांचा अर्थ एकदम लागतो.

शाळेत वही तपासणारे, हजेरी घेणारे, ‘उद्या पालकांना घेऊन ये’ म्हणणारे असतात. इथे तुम्ही आठवडाभर दिसला नाहीत तरी बऱ्याच प्राध्यापकांच्या लक्षात येत नाही. सकाळी हाक मारून उठवणारंही कुणी नाही. (आठच्या लेक्चरला डोळे मिटतात त्याचा सगळा दोष आळसाला देऊ नये. रात्री उशिरा झोप येण्याची ओढ विशीच्या आसपास कमाल असते आणि पुढे ओसरते, असं २००४ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी दाखवलं आहे. हे कारण सरांना सांगून उपयोग होत नाही, ते वेगळं.) मोकळीक हवी म्हणून बारा वर्षं ओरडलेलो असतो आपण. मिळाल्यावर सुरुवातीला ती अंगावर येते.

मग हळूहळू मधल्या तासाला सवयीचं वळण लागतं. लायब्ररीतली एक खुर्ची ठरते. तिथे दुसरं कुणी बसलेलं दिसलं की राग येऊ लागतो. एखाद्या तासाला कुणाच्या तरी नोट्स उतरवताना ते कुणीतरी समोर बसून आपल्या सरांची नक्कल करतं. तासभर होऊन जातो आणि नोट्सचं एक पानही पुढे सरकलेलं नसतं.

दुसऱ्या सत्राचं टाइमटेबल लागतं तेव्हा बोर्डापाशी गर्दी होते ती लेक्चर बघायला नव्हे. ‘तुझा मंगळवारी बारा ते एक मोकळा आहे का?’ एवढंच सगळे विचारत असतात. मधला तास जुळावा म्हणून ऐच्छिक विषय बदलून घेणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाला तो विषय इतका आवडला की पुढे त्याने त्यातच पदवी घेतली. ज्याच्यासाठी विषय बदलला होता, तो मित्र मात्र दुसऱ्या आठवड्यात तो विषय सोडून मोकळा झाला.