श्लिटलर आमच्याच भागातला

३० सप्टेंबर २०२५, मंगळवार

सामना संपला तेव्हा माझे हात गार पडले होते. बेसबॉलची शेवटची, नववी इनिंग, म्हणजे डाव. आमच्या बॉस्टनचे रेड सॉक्स ३-१ ने पुढे, आणि न्यूयॉर्कच्या यँकीजने एकही गडी न गमावता तिन्ही बेस भरलेले, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तिन्ही थांब्यांवर त्यांचे खेळाडू उभे. चेंडू आमच्या आरोल्डिस चॅपमनच्या हातात. हा चॅपमन कित्येक वर्षं यँकीजकडूनच खेळला, त्याच मैदानावर, त्याच लोकांच्या टाळ्या घेत. आज तेच सगळं स्टेडियम त्याच्यावर ओरडत होतं. त्याने स्टँटनला स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइक घेऊन बाद. चिझमचा झेल उडाला, पण तो धाव निघण्याइतका लांब गेला नाही. मग ग्रिशमही स्ट्राइकआउट. भरलेले बेस तसेच राहिले आणि मी सोफ्यावरून उठून नुसतीच घरभर फिरत राहिले.

त्याआधी आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, गॅरेट क्रोशे याने जे केलं ते मी विसरणार नाही. दुसऱ्या इनिंगमध्ये व्होल्पीने त्याला होमरन, म्हणजे थेट धाव देणारा फटका, मारला, तेवढाच. आठव्या इनिंगमध्ये दोन गडी बाद होईपर्यंत तो टिकून होता, ११ स्ट्राइकआउट. हल्ली पिचरला इतका वेळ ठेवतच नाहीत. पाचव्या-सहाव्या इनिंगला त्याला काढून नवा पिचर आणायचा, अशीच पद्धत झाली आहे. यँकीजनेही मॅक्स फ्रीडला सातव्या इनिंगमध्ये काढलं आणि लगेच आमच्या योशिदाने दोन धावा काढून सामना फिरवला.

एडिसनहून भाच्याचा फोन आलाच. तो जन्मापासून न्यू जर्सीचा, म्हणजे जन्मापासून यँकीजचा. "मावशी, अजून दोन आहेत," एवढंच म्हणाला.

मला या तीन सामन्यांचाच राग आहे. मार्चअखेरीपासून १६२ सामने खेळायचे आणि वाइल्ड कार्डच्या, म्हणजे बाद फेऱ्यांमधल्या पहिल्या फेरीत तीन सामन्यांत सगळं संपवायचं. २०२२ पासून तर तिन्ही सामने वरच्या क्रमांकाच्या संघाच्याच मैदानावर. यँकीजचे ९४ विजय, आमचे ८९, म्हणून आमच्या मैदानाच्या, फेनवे पार्कच्या वाट्याला एकही सामना नाही. हंगामात आपसातल्या १३ सामन्यांपैकी ९ आम्ही जिंकलो, त्याला किंमत शून्य. या दोन शहरांचं भांडण सात सामन्यांचंच हवं. तीन सामन्यांत राग नीट तापतसुद्धा नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी. देवापुढे ह्यांचा लॅपटॉप, माझी पोळपाट-लाटण्याची जोडी आणि लेकाचा ग्लव्ह आणि बॅट. ग्लव्हला हळदकुंकू त्याने स्वतःच लावलं, चामडं खराब होईल म्हणून अगदी टिकलीएवढं.

रात्री हरलो. ४-३.

आठवी इनिंग, दोन बाद, ३-३ अशी बरोबरी. चिझमला चार खराब चेंडूंवर पहिला बेस मिळाला. मग ऑस्टिन वेल्सने उजवीकडे रेषेलगत फटका मारला आणि चिझम पहिल्या बेसवरून सुटला तो थेट होम प्लेटला, म्हणजे जिथे धाव पुरी होते तिथे, पोहोचला. एवढ्या फटक्यावर पहिल्या बेसवरून धाव निघते, हे डोळ्यांना पटेना. पिचर होता गॅरेट व्हिटलॉक. त्याला घडवलं यँकीजने आणि आणला आम्ही. काल चॅपमन, आज व्हिटलॉक. या दोन संघांमध्ये अशी देवाणघेवाण पूर्वीपासून चालत आली आहे. सगळ्यांत मोठी म्हणजे बेब रूथची. १९१९ संपता संपता रेड सॉक्सच्या मालकाने, हॅरी फ्रेझीने, त्याला न्यूयॉर्कला विकलं. त्याआधी १९१८ साली बॉस्टनने विजेतेपद मिळवलं होतं. पुढचं मिळायला २००४ उजाडलं.

मी इथे आले २००३ च्या उन्हाळ्यात. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑक्टोबरमध्ये एका शुक्रवारी सकाळी ऑफिसात गेले तर सुतक पडल्यासारखं वातावरण. कोणी कोणाशी बोलेना. आदल्या रात्री, खरं तर मध्यरात्र उलटून गेल्यावर, मालिकेच्या सातव्या सामन्याच्या अकराव्या इनिंगमध्ये आमच्या टिम वेकफील्डच्या पहिल्याच चेंडूवर त्यांच्या एरन बूनने होमरन मारला होता आणि यँकीज जिंकले होते. शेजारच्या टेबलावरचे वयस्क सहकारी डोळे पुसत होते. त्यांनी मला त्या दिवशी सगळं सांगितलं. १९७८ साली एकाच निर्णायक सामन्यात यँकीजच्या बकी डेंटने, ज्याच्याकडून कोणालाच होमरनची अपेक्षा नव्हती त्याने, मारलेला होमरन. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाविरुद्ध, मेट्सविरुद्ध, विजय अगदी हातात आलेला असताना, आमच्या बिल बकनरच्या पायांमधून निसटलेला चेंडू. वर्ष, इनिंग, पिचर, सगळं तोंडपाठ. माझ्या आजीला गावातल्या भाऊबंदकीचे तपशील असेच पाठ असायचे. मी या शहराची झाले ती त्या सकाळी, असं मला आजही वाटतं.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोन संघ. आम्ही ०-३ ने मागे, तिसऱ्या सामन्यात १९-८ असा धुव्वा. चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगला पिछाडीवर, समोर यँकीजचा पिचर मारिआनो रिव्हेरा. आमच्या मिलरला फुकट बेस मिळाला, त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स धावायला आला. तो दुसरा बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावत गाठणार, हे फेनवेतल्या प्रत्येकाला माहीत होतं, रिव्हेरालाही माहीत होतं, आणि तरीही त्याने चोरला. मग बिल म्युलरचा फटका, बरोबरी. बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझचा होमरन. दुसऱ्या रात्री चौदाव्या इनिंगमध्ये पुन्हा ऑर्टिझच. अखेर ती मालिका आम्ही जिंकली. ०-३ वरून मालिका जिंकलेला बेसबॉलमध्ये तोवर एकही संघ नव्हता. त्यानंतर सेंट लुईसला ४-० ने हरवून विजेतेपद आलं, तेव्हा लोक टोप्या आणि वर्तमानपत्रं घेऊन दफनभूमीत गेले. वाट पाहत गेलेल्या आईवडिलांच्या थडग्यांवर ठेवायला.

आणि तोच एरन बून आता यँकीजचा मॅनेजर आहे. कॅमेरा त्याच्यावर गेला की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

संध्याकाळी मंडळाचे चार-पाच जण आले, आपट्याच्या पानांऐवजी कागदी सोनं दिलं-घेतलं. श्रीखंड-पुरी झाली. आठ वाजता सगळे टीव्हीसमोर.

४-० ने हरलो. चौथ्या इनिंगमध्ये त्यांनी चार धावा काढल्या, तेवढ्यावर निकाल लागला. पण त्या धावांनी आम्हाला हरवलं नाही. हरवलं त्यांचा पिचर कॅम श्लिटलर याने. वय २४, जुलैमध्ये पहिला सामना खेळलेला. आठ इनिंग, १२ स्ट्राइकआउट, एकालाही फुकट बेस नाही, एकही धाव नाही. आठव्या इनिंगमध्ये त्यांच्या मॅकमॅहनने उंच उडालेला झेल धावत जाऊन पकडला आणि तो आमच्याच डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेत, कोलमडला, तेव्हा आता काही खरं नाही हे कळून चुकलं.

हा श्लिटलर वॉलपोलचा. आमच्या घरापासून गाडीने फार दूर नाही. शिकला नॉर्थईस्टर्न विद्यापीठात, जिथून फेनवे पार्कला चालत जाता येतं. लहानपणी रेड सॉक्सचाच चाहता. त्याने आम्हाला घरी पाठवलं.

त्याच्या हातून चेंडू सुटत होता आणि मला वाईट वाटत होतं, त्याच वेळी कौतुकही वाटत होतं. दोन्ही पूर्ण, कोणतंच कमी नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज कळलं की सामन्याआधी रेड सॉक्सच्या काही चाहत्यांनी श्लिटलरच्या घरच्यांना समाजमाध्यमांवर नाही नाही ते लिहिलं होतं. त्याच्या आईलासुद्धा. सामन्यानंतर तो स्वतःच यावर बोलला.

मी दिवसभर अस्वस्थ आहे. पराभवापेक्षा हे जास्त लागलं.

लेकाच्या सरावाला मैदानावर गेले तर तिथेही तोच विषय. एक बाबा म्हणाले, गद्दार आहे. मी सहसा गप्प बसते, आज बसले नाही. खेळाडू संघ निवडत नाही, ड्राफ्टमध्ये संघ खेळाडू निवडतो. २०२२ मध्ये सातव्या फेरीत यँकीजने त्याचं नाव घेतलं. त्याआधीच्या सहा फेऱ्यांत सगळ्याच संघांनी त्याला सोडून दिलं होतं, त्यात आमचा संघही आला. मग त्या मुलाने काय करायचं होतं? घरी बसायचं?

मला हे भांडण हवं आहे, मनापासून हवं आहे. यँकी स्टेडियममध्ये आमच्या पिचरवर आरडाओरडा व्हावा, फेनवेत बूनच्या नावाने बोंबा माराव्यात. शंभर वर्षांत या दोन शहरांनी एकमेकांवर जितकं लक्ष दिलं तितकं इतर कोणावर दिलं नसेल, आणि इतकं लक्ष देणं हा मोठा मान आहे असं मी मानते. १९७८ चा तो होमरन अजून लोकांना दुखतो, कारण तो डेंटने मारला, समोरासमोर, ३२ हजार लोकांदेखत. ते दुखणं मैदानातलं आहे. एखाद्याच्या आईला घाणेरडं लिहिणारा माणूस मैदानात कुठेच नसतो. त्याला रेड सॉक्सचा चाहता म्हणायला माझी जीभ वळत नाही.

लेकाने गाडीत विचारलं, "आई, मी मोठा झाल्यावर मला यँकीजने घेतलं तर?"

"तर मी न्यूयॉर्कला येईन, पहिल्या रांगेत बसेन." हे म्हणताना मला जराही अडखळायला झालं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काल रात्री टोरोंटोने यँकीजला ५-२ ने हरवून बाहेर काढलं, मालिका ३-१. आज ऑफिसात कोणीतरी डोनट्स आणले. न्यूयॉर्क हरलं की इथे आनंद होतोच, मलाही झाला. कालही पिचर श्लिटलरच होता. सातव्या इनिंगमध्ये त्याला काढलं तेव्हा तो मान खाली न घालता चालत गेला, आणि मी एकटीनेच टाळी वाजवली.

संध्याकाळी मीच भाच्याला फोन केला. आवाज पडलेला होता. "मावशी, तू खूश असशील."

"आहे," मी म्हणाले. "पण श्लिटलर तुमच्याकडे दहा वर्षं राहू दे. आम्हाला त्याला हरवायचंय."

तो हसला. पुढच्या उन्हाळ्यात ब्रॉन्क्सला, यँकीजच्या मैदानावर, ये म्हणाला, तिकिटं तो काढेल. मी हो म्हटलं. लाल जर्सी घालूनच जाणार आहे, आणि लेकालाही घालणार आहे.