सासा, सीवा आणि समकालीन नृत्य: सरावाची नोंद

ऑकलंडमधल्या आमच्या वर्गात सध्या सासा पक्का करणं चाललंय. पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांचं हे समूहनृत्य आम्ही मांडी घालून बसून करतो. पाते हा लाकडी ढोल आणि गुंडाळलेल्या चटईवर काठ्यांचा ठेका, एवढ्यावर सगळं उभं राहतं. वल्हवणं, मासेमारी, स्वयंपाक अशी रोजची कामं हातांनी दाखवायची, आणि रांगेतले सगळे हात एकदम फिरायला हवेत.

टाळ्यांवर बराच वेळ दिला आणि तो सत्कारणी लागला. पाती ही सपाट तळव्यांची, कडक. पो ही खोलगट तळव्यांची, घुमणारी. लय चढली की पातीवरून पोवर जाताना बोटं फाकतात आणि आवाज पातळ होतो. बोटं जुळवून, मनगट सैल सोडून संथ लयीत घोटलं, तेव्हा कुठे फरक खणखणीत ऐकू यायला लागला. आधी कान तयार करा, वेग मागाहून येतो.

सीवा, म्हणजे सामोआचा संथ, डौलदार नाच, मात्र अजून जड जातोय. भरतनाट्यम शिकलेल्यांना कळेल: अरमंडीत गुडघे बाहेर उघडायची इतकी सवय, आणि इथे बायकांनी गुडघे जवळ ठेवून, वाकवून, पावलं हलकेच सरकवायची. मांड्या भरून येतात, पण वर हात शांतच दिसले पाहिजेत. समारंभाच्या शेवटचा नाच, ताउआलुंगा, आम्ही वर्गात करत नाही. तो मान परंपरेने गावच्या मुख्याच्या मुलीचा. तो तसाच राहावा असं मलाही मनापासून वाटतं.

समकालीन भागात बाईंनी सांगितलं, घरातली एक आठवण हालचालीत आणा. माझ्या सामोअन मैत्रिणीने आजीकडून ऐकलेली रात्र आणली. १९७०च्या दशकात न्यूझीलंडचे पोलीस व्हिसाची मुदत संपलेल्यांना शोधत पहाटे पॅसिफिक कुटुंबांच्या दारावर थापा मारत. तिने सासातली पो जमिनीवर वाजवली, दोनदा, आणि पुढच्या ठेक्याला श्वास रोखून नुसती बसून राहिली. बाकी रांग चालूच. सरकारने या धाडींची माफी मागितली ती १ ऑगस्ट २०२१ला. तिच्या घरात तोवर तिसरी पिढी मोठी झाली होती.

मी भाकरी थापणं आणलं. हात छान बसला, पण तो सासाच्या रांगेत घालायचा नाही असं मी ठरवलंय. सासा आधी जसा आहे तसा अंगात मुरू दे. माझी भाकरी माझ्या स्वतंत्र तुकड्यात येईल. नील इरेमिया यांनी १९९५मध्ये ऑकलंडला ब्लॅक ग्रेस ही नृत्यमंडळी उभी केली. त्यांच्या 'मिनोई'मध्ये अंगावर थापट्या मारत करायचा फाआताउपाती समकालीन नृत्याशेजारी स्वतःच्या ताकदीने उभा राहतो, म्हणून ती रचना मला इतकी पटते. त्याच वर्षी लेमी पोनिफासिओ यांनी माउ ही मंडळी सुरू केली. त्यांचं काम संथ आणि काळोखं आहे, तेही जरूर बघा.

आता पुढे डोक्याच्या हालचाली टाळ्यांशी जोडायच्या आहेत. कुणी बसून करायच्या नृत्यात कंबर न आखडण्यासाठी काही करत असेल तर नक्की सांगा.